‘अहो’ म्हणाली आणि घोळ झाला : आमच्या यूरी मांगाचं पान १७ अडलंय, मदत करा

शाईचा_डाग

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर गुपचूप वाचत बसते. आज स्वतःचंच घोडं अडलंय म्हणून धागा काढतेय.

मी तोक्योत निशिकासाईला राहते. दिवसा सॉफ्टवेअरची हमाली, रात्री चित्रं. एका जपानी मैत्रिणीबरोबर २४ पानांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, करतेय. गोष्ट दोघींची, चित्रं माझी, संवाद तिचे. कोमितियाला टेबल लावून विकायची आहे. कोमितिया म्हणजे तोक्यो बिग साइटला भरणारी हौशी मांगावाल्यांची जत्रा. तिथे फक्त स्वतःच्या गोष्टी चालतात, दुसऱ्याची पात्रं उचलून काढलेलं चालत नाही. आमचा प्रकार यूरी, म्हणजे दोन मुलींची प्रेमकथा. रडारड नको, हे पहिल्याच दिवशी ठरलं.

तर गोष्ट. नाओ आणि चिका, दोघी सत्तावीस-अठ्ठावीसच्या. दीड वर्ष एका छोट्या घरात राहतायत. नात्याचं घरच्यांना माहीत नाही, ऑफिसात माहीत नाही, कोणालाच नाही. एक दिवस नाओ अराकावा नदीच्या बांधावरून सायकलीसकट गडगडते. शुद्धीवर येते तेव्हा मागची दोन वर्षं साफ पुसलेली. म्हणजे चिकाच साफ. नर्स चिकाला विचारते, "आपण पेशंटच्या कोण?" आणि घाबरलेल्या चिकाच्या तोंडून निघून जातं, "रूममेट."

मग नाओ घरी येते. प्रचंड सभ्यपणे. भाड्याचा अर्धा वाटा पाकिटात घालून दोन्ही हातांनी देते. फ्रिजमधल्या पुडिंगवर स्वतःचं नाव लिहून ठेवते; ते पुडिंग चिकानेच तिच्यासाठी आणलेलं असतं. हळूहळू तिला खुणा सापडतात. कपाटात आपल्या मापाचा नसलेला स्वेटर, दोन तिकिटांचे तुकडे, कॅलेंडरवर लाल गोल. ती निष्कर्ष काढते की आपलं कोणाशी तरी जुळलेलं होतं. कोण असेल? शोधायला मदत कोणाची घ्यावी? अर्थात रूममेटची! चिका बिचारी वही-पेन घेऊन स्वतःच्याच तपासाला बसते. ही १६ पानं काढताना आम्ही दोघी हसून लोळलो.

आता पान १७. नाओ म्हणते, "मोरी-सान, तपास थांबवूया. ती व्यक्ती सापडली तरी मी तिला नाही म्हणणार आहे. मला दुसरंच कोणीतरी आवडायला लागलंय."

म्हणजे तिने चिकासाठी चिकाला सोडलं. चिकाचा चेहरा मी अकरा वेळा काढला आणि खोडला. प्रेमभंग आणि प्रेम एकाच चौकटीत कसं काढायचं, आणि पुढे काय करायचं? उरली सात पानं. वाढवता येत नाहीत, कारण मधे पिन मारलेल्या पुस्तकात पानं चाराच्या पटीत लागतात. एक वाढलं की चार वाढतात आणि छपाईचं बिल बोंबलतं.

---

पावशेर

मोरी-सान??? हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे मोरीत आंघोळ करतात.

---

शाईचा_डाग

माहीत होतं, पहिला प्रतिसाद हाच येणार. चिकाचं आडनाव मोरी, ‘सान’ नुसतं आदरार्थी. मोरी म्हणजे वन, रान. तिकडे अगदी सोज्वळ आडनाव आहे. माझ्या आईनेही फोनवर हेच विचारलं, "दुसरं आडनाव मिळालं नाही का गं?"

---

वेताळटेकडी

यूरी म्हणजे लिलीचं फूल ना? मग मुलींच्या प्रेमकथेला ते नाव कसं चिकटलं? दुसरी शंका : ह्या गोष्टी मुळात पुरुष वाचकांसाठीच रचलेल्या असतात असं ऐकून आहे. कृपया हलके घ्या, खरंच माहीत नाही म्हणून विचारतोय.

---

शाईचा_डाग

@वेताळटेकडी, नाव एका संपादकाच्या कृपेने मिळालं. १९७१ साली जपानात समलिंगी पुरुषांसाठी ‘बाराझोकु’ नावाचं मासिक निघालं, ‘गुलाब कुळातले’ असा काहीसा अर्थ. त्याचे संपादक इतो बुनगाकु यांनी १९७६ मध्ये वाचक स्त्रियांसाठी ‘यूरीझोकु’ हा शब्द काढला. पुरुष गुलाब तर बायका लिली, इतका साधा हिशेब.

पण तसल्या गोष्टी त्याच्या खूप आधीपासून आहेत. योशिया नोबुको या लेखिकेच्या, शाळकरी मुलींच्या हळव्या मैत्रीच्या कथा १९१६ पासून छापून येत होत्या आणि मुली त्या जीव टाकून वाचत होत्या. तेव्हा लिहिणारी बाई आणि वाचणाऱ्याही मुलीच. पुरुषांचं म्हणाल तर, यूरीला वाहिलेलं ‘कॉमिक यूरी हिमे’ २००५ मध्ये सुरू झालं. २००७ मध्ये पुरुष वाचकांसाठी त्याचं वेगळं भावंड काढलं आणि २०१० मध्ये ते मूळ अंकातच विलीन केलं. आता एकाच अंकात सगळी खिचडी असते. आमच्या टेबलाशी कोण येईल ते येईल, पुस्तक घेतलं म्हणजे झालं.

---

जुनाट_पेटी

ताई, तुमची गोष्ट वाचून मला पहिल्यांदा दुष्यंतच आठवला. स्मृती गेली, प्रेयसी दारात उभी आणि हा म्हणतो आपण कोण! आमच्या आजोबांकडे संगीत शाकुंतलातल्या पदांची वही होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ते नाटक उभं केलं, म्हणजे विसरभोळ्या प्रियकराचं कथानक मराठी माणूस किमान तेव्हापासून गाण्यासकट पचवतोय.

आता मुद्दा. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली, त्यामुळे राजा निर्दोष सुटला. महाभारतातल्या मूळ कथेत शाप नाही, अंगठी नाही, विस्मरणही नाही. राजाला सगळं लख्ख आठवत असतं, तरी तो भर सभेत नाही म्हणतो. कारण विवाह गांधर्व, साक्षीदार कोणी नाही. नुसत्या हिच्या शब्दावर स्वीकारली तर लोक संशय घेतील. शेवटी आकाशवाणी होते, तेव्हा कुठे तो कबूल करतो.

तुमच्या चिकाचंही दुखणं तेच नाही का? ज्या नात्याला एकच साक्षीदार होती, तीच विसरली. तुमच्या गोष्टीत अंगठी कुठे आहे?

---

पावशेर

अंगठी माशाच्या पोटात. आणि गोष्ट जपानात! म्हणजे नाओ सुशी खायला बसणार, शेफ टुना कापणार, टण्ण.

---

शाईचा_डाग

@जुनाट_पेटी काका, तुमच्या प्रतिसादाचं जपानीत भाषांतर करून मैत्रिणीला पाठवला. ती बराच वेळ गप्प होती, मग लिहिलं, "एकच साक्षीदार, आणि तीच विसरली, हे आपल्या पुस्तकाच्या मागच्या पानावर टाकूया." आम्ही गोष्ट रचताना हे असं सुटं करून पाहिलंच नव्हतं.

नवरा-बायकोच्या स्मृतिभ्रंशाच्या गोष्टीत अल्बम असतो, सासू असते, शेजारपाजार असतो. दहा माणसं सांगायला धावतात की अगं, हा तुझा नवरा. इथे सांगणार कोण? अंगठी नाहीच. दोघींनी मुद्दाम घेतली नव्हती, कोणी विचारू नये म्हणून.

@पावशेर, टुनाची चौकट काढायचा मोह होतोय. गप्प बसा.

---

डॉ_डुलकी

रात्रपाळीतून डोकावतोय. मेंदूवाला आहे म्हणून चार ओळी, नंतर झोप.

डोक्याला मार लागून नेमकी अलीकडची दोन वर्षं जाणं अगदीच अशक्य नाही. रिबो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८८१ मध्येच लिहून ठेवलंय : नव्या आठवणी आधी जातात, जुन्या टिकून राहतात. सिनेमात माणूस स्वतःचं नावगाव विसरतो आणि पुन्हा डोकं आपटल्यावर सगळं परत येतं, ते मात्र थोतांड. कृपा करून नाओला दुसऱ्यांदा पाडू नका.

दुसरं, हातांची सवय शाबूत राहते. हेन्री मोलेसन नावाचा प्रसिद्ध रुग्ण होता. १९५३ मध्ये मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नव्या आठवणी साठणंच बंद झालं. त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला. पण दर दिवशी त्याला वाटायचं की आपण हे पहिल्यांदाच करतोय. नाओचा प्रकार वेगळा, पण हात लक्षात ठेवतात हे तिलाही लागू. तिच्या हातांना चिका माहीत असणार.

तिसरं तुमच्या कामाचं. अशा आठवणी परत आल्याच तर साधारण जुन्याकडून नव्याकडे येतात, आणि अपघाताच्या अगदी आधीचं बहुधा कधीच परत येत नाही. म्हणजे चिकाची पहिली आठवण येईल ती ओळखीच्या सुरुवातीची. तेव्हा दोघींचं कसं होतं?

शिवाय अशी खरी जोडपी असतात. अमेरिकेतल्या क्रिकिट कार्पेंटर. १९९३ मध्ये लग्नाला दहा आठवडे होतात न होतात तोच मोटार अपघात, आणि गाठीभेटींपासून लग्नापर्यंतचं सगळं गेलं. ते परत आलंच नाही. मग नवऱ्याने पुन्हा पहिल्यापासून तिला फिरायला न्यायला सुरुवात केली, आणि १९९६ मध्ये दोघांनी दुसऱ्यांदा लग्न केलं. एकमेकांशीच.

---

शाईचा_डाग

डॉक्टर!!! सुरुवातीला दोघींचं अजिबात पटत नव्हतं. चिका बेकरीत काम करते, आणि तिने नाओच्या डोळ्यांदेखत शेवटचं मेलोनपान (गोड पाव) दुसऱ्याच गिऱ्हाइकाला दिलं होतं. पान ३ वर एका छोट्या चौकटीत आहे. म्हणजे प्रेमात पडलेल्या नाओला चिकाबद्दल पहिली गोष्ट आठवणार ती ही!

हातांचं आम्ही थोडं केलंय. मंगळवारी सकाळी नाओ झोपेतच उठते आणि जळणाऱ्या कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवून येते. चिका दारात उभी : मी आठवत नाही, कचऱ्याचा वार आठवतो.

---

पावशेर

अवांतर : कचऱ्याचा वार? आमच्याकडे घंटागाडीचं गाणं लागतं आणि सगळी सोसायटी धावते.

---

शाईचा_डाग

इथे वार चुकला की पिशवी तशीच पडून राहते आणि वर नोटीस चिकटते. शेजारच्या आजी ती वाचतात. मग आजी आपल्याला वाचतात.

---

अर्धी_चटणी

गोष्ट आवडली, पण मला एक खटकतंय ते बोलते. चिका खोटं बोलतेय. घाबरून बोलली ते समजतं, पण सोळा पानं? समोरची जीव तोडून तपास करतेय आणि ही वही-पेन घेऊन बसलीये. हसायला येतं, पण उद्या कळल्यावर नाओला काय वाटेल?

उलट बाजूही आहे. चिकाने पहिल्याच दिवशी "मी तुझी प्रेयसी" म्हटलं असतं, तर आठवण नसलेल्या माणसावर केवढं ओझं! नाही म्हणायची सोयच राहत नाही. त्यामुळे "रूममेट" हे एका अर्थी तिला मोकळं सोडणंही होतं. मला एवढंच हवंय की शेवटच्या सात पानांत नाओला हो किंवा नाही म्हणायची खरी संधी मिळावी. ‘आधी होतंच ना, मग आता चालू ठेव’ असं नको.

नाकातानी निओ यांची ‘यागाते किमी नि नारु’ वाचली असेलच (न वाचलेल्यांनी हा परिच्छेद सोडा). २०१५ ते २०१९, आठ खंड. त्यात शाळेच्या उत्सवात नाटक बसवतात ते नेमकं ह्याच विषयावर. मुलीची स्मृती गेलीये आणि तिला ओळखणारे तिघं, तू अशी होतीस म्हणून तीन वेगळ्या मुली तिच्यापुढे ठेवतात. मूळ संहितेत शेवटी ती त्यातली एक निवडते. नायिका यूला ते पटत नाही आणि ती लिहिणाऱ्या मैत्रिणीला शेवट बदलायला लावते. तुमची नाओ तर न कळत तिथेच आलीये : आधीची मी जिच्यावर प्रेम करत होते तिला नको म्हणते. पान १७ मला म्हणूनच तुमचं सगळ्यात चांगलं पान वाटतं. ते मोडू नका.

---

वेताळटेकडी

@अर्धी_चटणी, +१. सोपा उपाय : नाओ मोबाइलवर त्या अनोळखी नंबरला ‘आपलं संपलं’ असा निरोप पाठवते आणि शेजारी चिकाच्या एप्रनमधला फोन वाजतो.

---

पावशेर

फारच फिल्मी. पार्श्वसंगीतही ऐकू आलं मला.

---

शाईचा_डाग

@वेताळटेकडी, आम्हाला दोघींना हेच पहिल्यांदा सुचलं होतं, म्हणूनच सोडलं.

बरं, आता शीर्षकातल्या ‘अहो’बद्दल. ही मांगा मी मराठीतही करून इथे टाकणार आहे आणि पहिल्याच पानावर अडले. जपानीत सगळी गंमत संबोधनात असते. आधी नाओ तिला नुसतं ‘चिका’ म्हणायची. शुद्धीवर आल्यावर ‘मोरी-सान’, आणि क्रियापदंही एकदम कडक इस्त्रीची. वाचकाला तिथेच कळतं की किती दूर गेली. ते मराठीत ‘तू’वरून ‘तुम्ही’वर आणलं की जमतं.

पण डोळे उघडल्यावर तिचा पहिला शब्द ‘आनाता’ आहे. "आनाता वा...?" म्हणजे "आपण...?" नाव माहीत नसलेल्या माणसाला आनाता म्हणतात. आणि तोच शब्द जुन्या वळणाच्या घरात बायको नवऱ्याला हाक मारताना वापरते! म्हणून त्या चौकटीत चिका एकाच वेळी पांढरी पडते आणि लाजते. हे ‘तुम्ही’मध्ये कसं आणू?

---

जुनाट_पेटी

अहो, ‘अहो’!

---

शाईचा_डाग

काका, मी खुर्चीतून उठले. अनोळखी माणसालाही अहो, आणि नवऱ्यालाही अहो. "अहो... आपण कोण?" झालं की! भाषांतर नव्हेच, मूळच मराठी असल्यासारखं.

(मैत्रिणीला समजावलं. ती म्हणते, तुमच्या भाषेत आमच्यासारखाच लबाडपणा आहे. आता दिवसभर मला ‘आहो’ म्हणतेय.)

---

अर्धी_चटणी

खी खी. माझी आजी आजोबांना आयुष्यभर अहो म्हणाली, नाव एकदाच घेतलं, तेही रेशनकार्डाच्या खिडकीवर नाइलाजाने. आणि मी रिक्षावाल्याला रोज अहो म्हणते. आजीला काय वाटत असेल!

---

सातवी_अ

पहिल्यांदाच लिहितेय, वाचते मात्र रोज. थोडं वैयक्तिक आहे.

आम्ही दोघी पुण्यात सहा वर्षं भाड्याने राहतोय. कागदोपत्री मैत्रिणी. २०१८ च्या सप्टेंबरात समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा कलम ३७७ चा निकाल आला त्या दिवशी घरात गुलाबजाम केले आणि पडदे लावून खाल्ले. २०२३ च्या ऑक्टोबरात लग्नाच्या हक्काचा निकाल विरुद्ध गेला, तेव्हा काहीच केलं नाही, वरण-भात. त्यामुळे "आपण पेशंटच्या कोण" ही चौकट वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. माझ्या अपेंडिक्सच्या वेळी तिने फॉर्मवर ‘मावसबहीण’ लिहिलं होतं. नर्सने आमच्या दोघींच्या नाकांकडे एकदा बघितलं आणि पुढचा फॉर्म दिला.

पण सांगायचंय ते वेगळंच. काकांनी साक्षीदार म्हटलं ना? आमच्या मजल्यावर एक काकू आहेत. समोरच्या फ्लॅटमध्ये तीन नोकरदार मुली राहतात. दिवाळीला काकू त्या तिघींना तीन वेगवेगळे फराळाचे डबे देतात. आम्हाला पहिल्या वर्षापासून एकच. एकच डबा, थोडा मोठा. कधी एक शब्द विचारला नाही. गेल्या वर्षी आमचं कडाक्याचं भांडण चालू होतं, ही आठवडाभर बहिणीकडे गेली होती. काकू डबा घेऊन आल्या, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "ती आल्यावर उघड गं." बस.

तुमच्या नाओ-चिकाच्या मजल्यावर कोणी काकू नाही का?

---

डॉ_डुलकी

झोप उडाली.

---

जुनाट_पेटी

ही तुमची आकाशवाणी.

---

शाईचा_डाग

@सातवी_अ, काय लिहू? तुमची परवानगी असेल तर हा डबा मी घेतेय.

कचऱ्यावर नजर ठेवणाऱ्या आजी पान ९ वर आहेतच, फक्त खेकसण्यापुरत्या. इथेही शेजारी थोडं जास्तीचं झालं की आणून देतात, ‘ओसुसोवाके’ म्हणतात त्याला. आजींनी उकडलेल्या भाज्यांचा एकच डबा आणायचा.

---

सातवी_अ

घ्या की. काकूंना सांगणार नाही, त्यांना माहीत असेलच.

---

वेताळटेकडी

धाग्याचा मूड बघता बोलू की नको कळत नाही, पण हे वाचून ‘मित्राची गोष्ट’ आठवलं. तेंडुलकरांनी १९८१ मध्ये मराठी रंगमंचावर आणलेलं, कॉलेजातल्या मित्रा नावाच्या मुलीचं दुसऱ्या मुलीवरचं प्रेम. शेवट भयंकर, ती जीव देते. थोर नाटक आहे, पण बाहेर पडल्यावर दोन दिवस जेवण जात नाही. ‘रडारड नको’ हे पहिल्या प्रतिसादाच्या वेळी मला उथळ वाटलं होतं, ते मागे घेतो. मेलोनपानावरून भांडा खुशाल.

---

शाईचा_डाग

@वेताळटेकडी, इथेही तोच इतिहास. जुन्या यूरीत शेवटी एक मरते, नाहीतर लग्न करून जाते. गंमत म्हणजे वर सांगितलेल्या योशियाबाई स्वतः मात्र सुखाने नांदल्या. १९२३ मध्ये मोन्मा चियो भेटल्या, त्या शेवटपर्यंत बरोबर. लग्नाची सोय नव्हती, म्हणून १९५७ मध्ये चियोंना चक्क दत्तक घेतलं! कायद्याने मुलगी, म्हणजे कोणी "आपण कोण" विचारलं तर उत्तर तयार. कामाकुराचं त्यांचं घर आता स्मारक आहे. लग्नाची सोय देशात अजूनही नाही. तोक्यो महानगराने २०२२ च्या नोव्हेंबरात जोडीदार म्हणून नोंद करायला सुरुवात केली, पण तीही आपण होऊन जाऊन करावी लागते. आमच्या चिकाने केलेली नाही. घाबरट आहे.

आता पुढची पानं लिहून काढते. डॉक्टर आणि चटणी, तपासा.

पान १८. दारावरची घंटा. आजी. हातात डबा. "दोघींना एकच आणलाय, नेहमीसारखा. भांडण मिटलं वाटतं? बरेच दिवस कचरा एकटीच टाकत होतीस." आजी जातात. नाओ डब्याकडे बघते.

पान १९, २०. संवाद नाहीत. नाओ तपासाची वही उघडते आणि पहिल्यापासून वाचते. सगळे पुरावे चिकाच्या अक्षरात. स्वेटर कोणाच्या मापाचा, ते चिकाकडे बघून मोजते. चिका स्वयंपाकघरात एकच कप घासत बसलीये.

पान २१. नाओ : "मोरी-सान, ज्या व्यक्तीला मी मघाशी सोडलं..." आणि चिका रडवेली : "इथे आहे."

पान २२ वर अडतेय. चटणीने म्हटलेली हो-नाहीची खरी संधी इथे यायला हवी.

---

अर्धी_चटणी

चिकाने ते मोडणं मान्य करावं. नाओने तिला सोडलंय ना? मग रीतसर सोडलेली असू दे. "ठीक आहे. समजलं. आपलं संपलं," असं चिकाने वाकून म्हणावं. जुनं खातं बंद. आता नाओ मोकळी आहे; दुसरं जे कोणी आवडायला लागलंय, त्याला विचारायचं की नाही हे तिचं तिने ठरवावं.

---

पावशेर

म्हणजे ब्रेकअप मंजूर, आणि त्याच बाकावर नवं स्थळ. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष. आवडलं.

---

डॉ_डुलकी

आणि विचारायला तोंड उघडते त्याच क्षणी तिला मेलोनपान आठवू दे. सगळं नको, तेवढंच. बाकीचं आलं नाही तरी चालेल.

---

शाईचा_डाग

दोन आठवड्यांनी हजर. पुस्तक छापायला गेलं.

पान २२ : चिका गुडघ्यांवर बसून, दोन्ही हात जमिनीला टेकवून म्हणते, "सोडल्याचं कळवल्याबद्दल आभारी आहे." नाओला हसू फुटतं. हाच चेहरा मी अकरा वेळा पान १७ वर शोधत होते. खरं तर पान १७ वर चेहरा नकोच होता, तिथे आता चिका पाठमोरी आहे, नुसते कान लाल.

पान २३ : "तर मग, मोरी-सान, मला तुम्हाला एक विचारायचं..." आणि मधेच थांबून, "थांब. तू. तू ती बेकरीवाली. शेवटचं मेलोनपान!" दोन वर्षांपूर्वीचं भांडण पहिल्यापासून. तुम्हीवरून तूवर ती भांडता भांडताच आली, दोघींच्या लक्षातही येत नाही.

पान २४ : सकाळ, मंगळवार. नाओ पिशवी घेऊन दारात. मागे वळून, "आनाता, चप्पल कुठेय माझी?" पहिल्या पानावर होतं तेच अक्षर, त्याच जाडीचं. मला वेगळं काढायचं होतं. मैत्रीण म्हणाली, हात लावू नकोस.

मराठी आवृत्तीत अर्थात : "अहो, चप्पल कुठेय माझी?"

---

जुनाट_पेटी

पेटी काढून बसलो. भैरवी वाजवू का?

---

सातवी_अ

दोन प्रती पाठवाल का? नको, एकच पाठवा.

---

पावशेर

मराठी आवृत्तीत मोरी-सानच ठेवलंय ना? नसेल तर मी धागा सोडतोय.

---

शाईचा_डाग

ठेवलंय, ठेवलंय.

काल आईला मराठी पानं पाठवली. जरा धाकधूकच होती. रात्री फोन आला. चित्रांबद्दल काही नाही, मोरीबद्दल काही नाही, बाकी कशाबद्दलही काही नाही. एवढंच म्हणाली, "त्या आजींचा डबा ह्या पोरींनी परत केला का? आणि रिकामाच केला?"

छपाईवाल्याला विनवून पान २४ बदललं. नाओच्या एका हातात कचऱ्याची पिशवी, दुसऱ्या हातात धुतलेला डबा. जागा नव्हती, तरी त्यात दोन संत्री बसवलीत.